गोगलगायींचं पाणी

हरभऱ्याला घाटे धरले की आमच्या संग्रामपूरला सकाळी एक आंबट वास येतो. पानांवरची आंब दवात भिजते आणि वारं तिचा वास गावात घेऊन येतं. सातपुड्याकडून येणारं हे वारं यंदा जरा उशिरा सुटलं. आज सकाळी अंगणात उभा होतो तर तो वास आला, आणि मी घरात येऊन काचेच्या पेटीसमोर खुर्ची ओढून बसलो. केलेला चहा ओट्यावर निवून गेला. दरवर्षी या दिवसांत माझं असंच होतं. तीन वर्षं झाली, पण हरभरा काही विसरू देत नाही.

पेटी दोन फुटांची आहे. तिच्यात मासे नाहीत. घरी येणारा माणूस आधी वाकून मासे शोधतो, मग वाळूत शोधतो, मग माझ्याकडे पाहतो. मी म्हणतो, गोगलगायी आहेत. तेव्हा तो 'अच्छा' म्हणतो आणि विषय बदलतो. आमच्या भागात गोगलगाय म्हणजे सोयाबीनचा शत्रू. पावसाळ्यात कोवळी रोपं रातोरात साफ करते. शेजारचे वासुदेवराव पाच एकरांचे धनी, त्यांना हे पोसणं अजून पचलेलं नाही. परवाही कुंपणापाशी थांबून म्हणाले, "सर, आम्ही त्याइले मिठाच्या पाण्यात बुडवून मारतो, अन् तुम्ही दुधी उकडून चारता! गाव काय म्हणत असन?"

गावातल्या शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. गाव काय म्हणतं याची मला सवय आहे. मी आपला हसलो आणि आत आलो. माझी बायको शोभा असती तर म्हणाली असती, "हसून राह्यले म्हणजे आयकणार नाही. गोगलगाय अन् पोटात पाय." मी गरीब चेहऱ्यानं सगळ्यांचं ऐकतो आणि शेवटी मनातलंच करतो, म्हणून ही म्हण तिनं लग्नाच्या पहिल्या वर्षीच माझ्या नावावर करून टाकली होती.

शोभा तीन वर्षांपूर्वी भादव्यात गेली. त्यानंतरचा जो हिवाळा आला, तो हा, दरवर्षी परत येणारा.

आमची मुलगी पल्लवी पुण्यात नोकरीला. तिचा रोज फोन यायचा, पण तो आईला. तासभर चालायचा. शेवटी शोभा फोन माझ्या हातात द्यायची, "घ्या, बोला पोरीशी," आणि मी "बरी आहेस ना?" विचारून फोन परत तिच्याकडे द्यायचो. पंचवीस वर्षांच्या पोरीशी माझं एवढंच बोलणं. शोभा गेल्यावर फोन सरळ माझ्याकडे येऊ लागला आणि आमची दोघांची पंचाईत झाली. "जेवले का बाबा?" "जेवलो." "काय केलं होतं?" "खिचडी." मग तिकडे गाड्यांचे आवाज, इकडे भिंतीवरचं घड्याळ. आईचं नाव ती काढत नव्हती, मी काढत नव्हतो. "ठेवू का?" "ठेव." दीड मिनिटात सगळं आटपायचं. हळूहळू ती एक दिवसाआड करू लागली. मला वाईट वाटलं, पण तिच्याशी बोलावं काय हे मलाही सुचत नव्हतं.

त्या दिवाळीला ती आली तेव्हा शेगाव स्टेशनावर मी तिला उतरवून घ्यायला गेलो. गाडीतून आधी एक रिकामी काचेची पेटी उतरली, मग ती. मांडीवर झाकणाचा डबा धरून तिनं रात्रभर प्रवास केला होता. डब्यात पाच गोगलगायी. तीन पिवळ्या सोनेरी, दोन काळ्या पट्ट्यांच्या. पुण्यात तिनं खोलीत वर्षभर सांभाळलेल्या.

"मासे काऊन नाही आणले?" मी विचारलं.

"मासे लवकर मरते बाबा," ती म्हणाली. "आता घरात कोणी मरायले नको."

मग आम्ही संग्रामपूरची बस धरली. डबा मी माझ्या मांडीवर घेतला.

ती परत गेली आणि रोज संध्याकाळी सात वाजता फोन येऊ लागला. "बाबा, हजेरी घ्या." मी पेटीसमोर खुर्ची टाकून बसायचो आणि वर्गात घ्यायचो तशी हजेरी घ्यायचो. एक, हजर, काचेवर चढली आहे. दोन, हजर, दुधीच्या फोडीवर. तीन, हजर, पण लक्ष नाही. ती हसायची. पोरीचं हसू मी पहिल्यांदा माझ्या कानानं, माझ्यासाठी ऐकत होतो. चार कुठे दिसत नाही म्हटलं की ती तिकडून शोधायला लावायची, पंपामागे पाहा, पानाखाली पाहा. अर्धा अर्धा तास जायचा. त्या पाच जिवांच्या जोरावर आमचं बाप-लेकीचं बोलणं उभं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आणि त्या पाहण्यासारख्याही होत्या. सोनेरी गोगलगाय श्वास घ्यायला पाण्याच्या वर एक नळी काढते, बोटाच्या पेराएवढी, आणि हवा ओढताना तिचं सगळं अंग हलतं. काचेवर पार वरपर्यंत चढायला तिला पाऊण तास लागतो, आणि वर पोचल्यावर ती एकाएकी काच सोडते, तरंगत खाली येते, वाळूवर पडते आणि पुन्हा चढायला लागते. का, ते तिचं तिलाच माहीत. काच चाटताना तिचं तोंड उघडतं-मिटतं, ते आपल्याला काचेतून दिसतं. इतक्या हळू चालणाऱ्या जिवाला पाहायला वेळ लागतो, आणि त्या हिवाळ्यात माझ्याकडे वेळच होता. शाळा सुटली होती, बायको गेली होती, पेपर आठ वाजेपर्यंत वाचून व्हायचा.

आता पाण्याचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमचा हा खारपाणपट्टा. जमिनीतलं पाणी खारट आणि जड. बादलीवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा अख्खा राहतो. शोभाचं माहेर सोनाळ्याचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिथल्या विहिरीचं पाणी गोडं. लग्न होऊन आली आणि पहिल्याच सकाळी तिनं केलेला चहा आमच्या पाण्यात फाटला. सासू-सासऱ्यांसमोर रडली बिचारी. पुढं वर्षानुवर्षं ती माहेराहून येताना एसटीत पाण्याचा कॅन घेऊन यायची. लोक माहेराहून लोणचं आणतात, पापड आणतात. ही पाणी आणायची, आणि ते फक्त वरणाला आणि चहाला वापरायची. प्यायला मात्र आम्ही सगळे बोअरचंच पीत होतो.

तिची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी पाण्याचं नाव घेतलं नाही. रक्तदाबाचं घेतलं. पण मी पाण्यावरच राग धरला. माणसाला राग धरायला काहीतरी लागतं. गावातल्या प्लांटचे गोड्या पाण्याचे जार लावले. आणि नशीब असं, की गोडं पाणी दारात यायला लागलं तेव्हा तिचं पाणी तोडलं गेलं. डायलिसिसवरच्या माणसानं दिवसभरात पाऊण लिटरच्या वर घ्यायचं नाही, आणि त्यातच चहा, वरण, भाजीचा रस्सा सगळं आलं. मी शाळेत वापरायचो तसलं काचेचं मोजपात्र घरात होतं. त्यानं मोजून द्यायचो. सकाळी शंभर, गोळ्यांबरोबर पन्नास. ती म्हणायची, "मी का तुमच्या प्रयोगशाळेतली आहो का हो?" मी हसायचो, आणि आकडा वहीत लिहायचो. ओठ कोरडे पडले की ती संत्र्याची एक फोड चोखत बसायची, तीही मी डॉक्टरांना विचारून दिलेली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिनं मागितलं. दिवसाचं पाऊण लिटर दुपारीच संपलं होतं. "एक लोटा भरून द्या ना. मोजू नका. घटाघटा पिऊ द्या एकदा." मी म्हटलं, "उद्या सकाळी डायलिसिस झालं की देतो." तिनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. सकाळी दवाखान्यात न्यायला गाडी दारात आली तोवर ती राहिली नव्हती.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पल्लवीला तर नाहीच. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्लंबरला बोलावून बोअरची घरातली जोडणी तोडली. मोटरचा फ्यूज काढून खिडकीत ठेवला. अंगणातल्या त्या नळाकडे पाहायचंही मी सोडलं.

पुढं पल्लवीनं पेटी आणली आणि फोनवर म्हणाली, पाणी चांगलं टाका, तर मी जारचं पाणी टाकलं. दर आठवड्याला अर्धं पाणी बदलायचं, तेही जारचंच. जारवाला म्हणाला, "सर, एकटे माणूस अन् दोन जार?" मी म्हटलं, पाहुणे आहेत. माझ्या घरात आता खारं पाणी कोणाच्या पोटात जाणार नव्हतं, मग तो जीव केवढाही असो. हे ठरवताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

संक्रांतीच्या आसपास एका सोनेरी गोगलगायीच्या शंखावर टोकापाशी पांढरा डाग दिसला. मला वाटलं, थंडी. पेटीवर बल्ब लावला. डागाचा खड्डा झाला. मग दुसरीला, मग एका पट्टेवालीला. काचेवर चढणं थांबलं. त्या वाळूवर पडून राहायच्या, शंखाच्या तोंडाचं झाकण अर्धं मिटून. एका सकाळी पेटीचं झाकण उघडलं तर असा वास आला की मी मागे सरलो. एक सोनेरी गेली होती. तिला कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरली. संध्याकाळी सातला फोन आला. "हजेरी घ्या बाबा."

मी म्हटलं, "पाचही हजर."

तीस वर्षांत मी खोटी हजेरी लावली नव्हती. तपासणीला साहेब येणार म्हणून मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी नाही. त्या दिवशी लावली, आणि पुढं रोज लावत गेलो. चार दिवसांनी एक पट्टेवाली गेली, तरी पाचही हजर. फोटो मागितला की जुना पाठवायचो. ती खुशीत सांगायची, मैत्रिणींना दाखवला म्हणून. फोन ठेवल्यावर मी पेटीसमोर बसून राहायचो. उरलेल्या तीन गेल्या तर काय बोलायचं, या विचारानं मला घाम फुटायचा. गोगलगायींची भीती नव्हती. "जेवले का?", "जेवलो," "ठेवू का?", "ठेव," ह्याची भीती होती.

शेवटी मेलेल्या गोगलगायीचा शंख रुमालात बांधून मी शेगावला गेलो. स्टेशनाकडच्या रस्त्यावर माशांचं आणि पाखरांच्या दाण्याचं एक दुकान आहे. एक बाई चालवतात, माझ्याच वयाच्या. त्यांनी शंख अंगठ्यानं दाबला तर त्याचा भुगा झाला.

"पाणी कोणतं टाकता सर?"

"प्लांटचं. एकदम शुद्ध."

"मंग त झालंच!" त्यांनी हात झटकले. "शुद्ध पाण्यात क्षार कुठं राह्यते? याचा शंख कशातून बनन? ते पाणी उलटं शंखातलाच चुना ओढून घेते. उपाशी मारले तुम्ही त्याइले."

मी रुमालाची घडी घातली.

"राहता कुठं?"

"संग्रामपूर."

बाई हसायलाच लागल्या. "अहो, लोकं पुड्या आणून पाण्यात खनिज टाकते, अन् तुमच्या बोअरमध्ये त चुनाच चुना! अर्धं ते अन् अर्धं हे, असं करा. पण एकदम नाही, रोज थोडं थोडं."

"ते पाणी मी माणसालेही देत नाही," मी म्हटलं. आवाज जरा चढला असावा, कारण त्यांनी हसणं थांबवलं.

"मग अंड्याची टरफलं टाका," त्या म्हणाल्या. "पण टरफलानं भागणार नाही."

परतीच्या बसमध्ये मला स्वतःची लाज वाटत होती. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, हे वाक्य मी तीस बॅचेसकडून पाठ करून घेतलं. कठीण पाणी आणि मृदू पाणी, फरक स्पष्ट करा, चार गुण. सगळं फळ्यावर राहिलं, घरी काही आलंच नाही.

तरी मी बोअरकडे गेलो नाही. बसस्टँडवरच्या ऑम्लेटच्या गाडीवर गेलो. गाडीवाला माझाच विद्यार्थी, रवी. "सर, गरम बनवून देऊ का?" "नको रे, फक्त टरफलं दे." त्यानं घाबरून पिशवी भरून दिली. दोन दिवसांत वासुदेवरावांची बायको डबा घेऊन दारात हजर. "सर, अंडे-गिंडे नका खाऊ बाप्पा. बाईचं वर्षश्राद्ध त होऊ द्या. आम्ही देऊ ना रोज भाकर-भाजी." आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण डब्यातल्या वांग्याच्या भाजीचा वास आला आणि खुलासा राहूनच गेला. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. भाकरी खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते काही तिखटामुळे नव्हतं.

टरफलांनी भागलं नाही. आठवड्यानं तिसरीही झाकण मिटून पडली.

त्या दिवशी दुपारी मी खिडकीतला फ्यूज उचलला. मोटर सुरू झाली, अंगणातला नळ खाकरला, आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. मी बादली भरली. एक ओंजळ तोंडात घेतली. तीच चव. ह्या चवीचं पाणी पिऊन मी शिकलो, नोकरी केली, संसार केला. मला त्यानं काही केलं नव्हतं. तिला केलं की नाही, हे मला आता कधीच कळणार नव्हतं.

अर्धं-अर्धं करायचं, तेही रोज थोडं थोडं, तर मोजायला काहीतरी हवं. फडताळ उघडलं आणि मोजपात्र काढलं. शंभर बोअरचं, पुन्हा शंभर बोअरचं. त्या काचेवरच्या रेघा बोटाखाली लागत होत्या. मी बादलीशेजारी खाली बसलो. तिला एक लोटा पाणी पाहिजे होतं. लोटाभर पाण्यानं त्या रात्री काय झालं असतं? जे झालं तेच झालं असतं. आणि मी इथं मरू घातलेल्या गोगलगायींसाठी बादल्या भरत होतो. मी मोठ्यानं रडलो. घरात कोणी नव्हतं, त्यामुळे थांबवायलाही कोणी नव्हतं. मग उठून मोजलेलं पाणी पेटीत सोडलं, कारण ते सोडायला हवं होतं.

सातला फोन आला. "बाबा, हजेरी."

"पल्लवी," मी म्हटलं, "दोन गेल्या बेटा. पहिलीले तीन आठवडे झाले. तिसरीचंही सांगता येत नाही."

मी पेटीकडे पाठ केली.

"मी जारचं पाणी टाकलं. चूक माझी हाय."

"मंग रोज पाच काऊन सांगत होते?"

"खरं सांगतलं असतं त तू फोन कशाले केला असता?"

असं काही मी माझ्या पोरीला बोलेन, असं मला वाटलं नव्हतं. ती रडते आहे हे कळत होतं. मला थांबता आलं असतं. पण दुपारपासून तोंडात ती चव होती, आणि मी थांबलो नाही. आईनं लोटा मागितला होता, हे सांगितलं. मोजू नका म्हणाली, हे सांगितलं. उद्या देतो म्हटलं आणि ती भिंतीकडे वळली, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ती फोन ठेवेल आणि पुन्हा करणार नाही. ते तिच्या हक्काचं होतं.

ती फोनवरच होती.

"बाबा, तुम्ही त्या दिवशी दिवा लावायले देवापाशी गेले होते. तेवढ्यात आईनं मले फोन केला. म्हणे, 'बाबाले सांग ना वं माय, मले पाणी देऊ दे म्हणा. तुह्यं ऐकतीन ते.'"

मी भिंतीला टेकलो.

"मी म्हटलं, 'आई, हट्ट नको करू. बाबा देते तेवढंच पी.' अन् मी फोन ठेवला, बाबा. मले मीटिंग होती."

तिचा श्वास ऐकू येत होता. माझाही तिला येत असावा. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, तुझी चूक नव्हती बेटा, असं काहीतरी, पण तेच मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

"बाबा," ती म्हणाली, "फोन ठेवू नका."

मी ठेवला नाही.